गोल पटाशी

भीमबेटकाला आपण जातो ते चित्रं बघायला. भोपाळपासून साधारण ४५ किलोमीटर, डबे-पाण्याच्या बाटल्या, हत्तींचे आणि शिकाऱ्यांचे फोटो, की परत. मीही तीनदा हेच केलंय. वाकणकरांचं नाव निघालं की आपल्या मंडळाची छाती जरा फुगते, आणि का फुगू नये? नीमचला जन्मलेल्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये ही जागा शोधली, २००३ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली.

पण तिथल्या हत्यारांबद्दल आपण कधी बोललो? १९७०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या व्ही. एन. मिश्रांनी तिथे उत्खनन केलं. खालच्या थरांत दगडी हातकुऱ्हाडी, तासण्या; वरच्या थरांत अगदी बारीक पाती. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात बसवायचे. दांडा कुजला, पातं उरलं. लाकूडकामाचा अर्धा इतिहास असाच कुजून गेलाय.

अर्धा आमच्या घरातून गेला. माझे आजोबा सुतार. त्यांच्या पेटीत एक हत्यार होतं, पातं पन्हाळीसारखं वाकलेलं. सरळ पटाशीने खोलगट कोरायला गेलं तर तिचे कोपरे लाकडात रुततात आणि लाकूड फाटतं. याचं पातं मधे कापतं, कोपरे वरच राहतात. युक्ती एवढीच, पण फार जुनी. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात माणसांनी हजारो वर्षांपूर्वी हाच बाक दगड घासून आणला, कॅरिबियन बेटांवर शंखातून. गोव्यात बॉम जेझूच्या सोनेरी वेदीसमोर आपण मान वर करून उभे राहतो. त्या मुलाम्याखाली लाकूड आहे आणि ते कुणीतरी हातानेच कोरलंय.

आजोबा गेल्यावर ती पेटी भंगारात गेली, किलोवर. मी तेव्हा बारावीत होते. गप्प बसले.

परवा चर्चचा बाक दुरुस्त करणाऱ्या काकांच्या हातात तसंच हत्यार दिसलं. ते म्हणाले, ‘गोल रुखानी है, बेटा.’ मराठीत काय म्हणतात? मी, मराठी साहित्याची विद्यार्थिनी, ब्लँक! शेवटी वसईला आत्याला फोन लावला. ‘गोल पटाशी गं. विसरलीस?’ मग तिने किंकरे, वाकस, सामता असं सगळं मोजून दाखवलं. विसरायला मला आधी माहीत कुठे होतं?

२७ फेब्रुवारीला आपण कविता म्हणतो. म्हणू या, मीही म्हणते. पण ‘कोरीव भाषा’ असं परीक्षणात बिनधास्त लिहिणाऱ्या आपल्याला कोरायच्या हत्याराचं नाव येत नसेल, तर मला ते लाजिरवाणं वाटतं. भोपाळमध्ये तर हे शब्द घरातला एक म्हातारा माणूस गेला की संपतात. बाहेर कुणी बोलतच नाही ते. म्हणून यंदा कवितांच्या आधी अर्धा तास मागतेय. प्रत्येकाने घरच्या किंवा ओळखीच्या हातकाम करणाऱ्या माणसाकडून पाच शब्द आणायचे, जमलं तर हत्यारासकट. माझे चार झालेत. पाचव्यासाठी आत्याला पुन्हा फोन करायचाय.