कुर्डूवर पंप चालवणाऱ्यांनो, जरा थांबा

पाऊस धरलाय, रानं हिरवी झालीत आणि आमच्या भागातले बांध मात्र पिवळे पडायला लागलेत. तणनाशकाची कृपा, दुसरं काय.

आधीच सांगतो, पिकात कुर्डू ठेवा असं मी म्हणत नाही. भुईमुगात एक झाड बी धरेपर्यंत राहिलं तर त्या बारीक काळ्या चकचकीत बिया पुढची किती वर्षं भांगलायला लावतील सांगता येत नाही. तिथं उपटाच. पण बांधावर तुमचं काय पिकतंय? विचारलं की म्हणतात, बांध स्वच्छ दिसतो. स्वच्छ बांध घेऊन काय लग्नाला जायचंय? मुळं मेली की आपल्याकडच्या पावसात बांधाची माती सरळ ओढ्यात जाते, मग जेसीबी बोलवायचा.

कुर्डू म्हणजे माठ, राजगिऱ्याच्या घरातलं. तुरा यायच्या आधीचे कोवळे शेंडे खुडायचे, कांदा-लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, वरनं शेंगदाण्याचं कूट. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. तुरा आला की पान राठ होतं, मग जनावरांना. नायजेरियात हीच भाजी मुद्दाम लावून विकतात. युगांडात तर ज्वारीतल्या टारफुल्यावर उपाय म्हणून कुर्डू लावून बघितलं, त्याचा अभ्यास २००३ साली छापून आलाय. आपण त्यावर पैसे घालून औषध मारतोय.

आता खरं दुखणं. ग्लायफोसेट मारलं की तण लगेच वाळत नाही. चार-पाच दिवस तसंच हिरवंगार दिसतं. त्याच दिवसांत भांगलणीला आलेल्या बाया घरी जाताना बांधावरनं ओटीभर कुर्डू खुडून नेतात. काहीजणी वाटे करून बाजारात बसतात. परवा एका फवारलेल्या बांधावर दोघीजणी खुडताना दिसल्या, मी ओरडून थांबवलं. मालकाला विचारलं तर म्हणतो, "त्यांना कुणी सांगितलंय खुडायला?" अरे बाबा, त्यांच्या आज्यापणज्या खुडत आल्यात!

केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये नियम काढला, ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनंच मारायचं. तुमच्या गावात असला ऑपरेटर कुणी बघितलाय का? आमच्याकडं तर पंप पाठीवर, तोंडाला रुमाल नाही आणि फवारणारा शाळकरी पोरगा.

दुसऱ्या बाजूचेही शहाणे आहेत. कुर्डूच्या बियांनी मूतखडा विरघळतो म्हणून मेसेज फिरवतात. लघवीच्या तक्रारीवर म्हातारी माणसं हे बी द्यायची, मीही ऐकत आलोय. पण कळ उठल्यावर सोनोग्राफी सोडून बी चघळत बसू नका. भाजी म्हणून खा, तेवढं बास आहे.

आणि बांधावर मारायचंच असेल तर निदान दोन टोकांना लाल चिंध्या बांधा, आणि कामाला येणाऱ्या बायांना आदल्या दिवशी तोंडानं सांगा. शेजाऱ्यालाही सांगा, बांध त्याचाही आहे.