डिपेंडंट सोर्सला हात लावायचा नाही म्हणे!

रविवारी भायखळ्याला मावशीकडे गेलो होतो. मावसभाऊ सेकंड इयर इलेक्ट्रिकलला आहे, तोंड पाडून बसलेला. "दादा, उत्तर बरोबर, तरी मार्क कापले." कारण काय, तर सुपरपोझिशन लावताना पठ्ठ्याने डिपेंडंट सोर्स बंद केला. सर म्हणे, असं चालतच नाही! (कॉलेज कुठलं ते सोडा. मलाही हेच शिकवलं होतं आणि मीही मुकाट मान डोलावली होती.)

आता गणितच बघा. 12 व्होल्टचा सोर्स, पुढे 2 ओहम, मग नोड. नोडमध्ये 6 अँपिअरचा करंट सोर्स करंट ढकलतोय. नोडच्या पुढे 1 ओहम आणि 12 व्होल्टच्या विरोधात लावलेला 3i चा डिपेंडंट सोर्स. i म्हणजे 2 ओहममधून नोडकडे जाणारा करंट.

पुस्तकी पद्धतीत डिपेंडंट सोर्स दोन्ही वेळा चालू ठेवायचा. i येतो 2 आणि उणे 1, म्हणजे 1 अँपिअर. भावाने तिन्ही सोर्स एकेक करून घेतले. 12 व्होल्टमुळे 4, करंट सोर्समुळे उणे 2, डिपेंडंटमुळे उणे i. मग i = 4 − 2 − i. पुन्हा 1 अँपिअरच! आणि केव्हीएल न लिहिता, नुसतं बघून.

अट एकच. उणे i मधला i हा पूर्ण सर्किटचा i, तो अज्ञात म्हणूनच ठेवायचा. तो "सोर्स एकटा आहे म्हणून शून्य" धरलात तर उत्तर 2 येतं, चूक. मुलं नेमकी इथेच घसरतात, म्हणून बंदी. अरे, मग खड्डा दाखवा ना! रस्ताच बंद कशाला करता? सर्किट लिनिअर आहे, गणिताला काही अडचण नाही. जॉर्जिया टेकच्या मार्शल लीच यांनी यावर रीतसर लेख लिहून ठेवलाय. पाठ्यपुस्तकं हे चालत नाही असं सांगतात किंवा सुचवतात, ही त्यांचीही तक्रार.

1887 ला स्थापन झालेलं व्हीजेटीआय 1923 ला माटुंग्याला जाईपर्यंत याच भायखळ्यात होतं. शंभर वर्षांनंतर त्याच गल्ल्यांत पोरगं विचारतंय, "दादा, कारण कुणी सांगतच नाही रे."

सोमवारी पेपर घेऊन सरांकडे जा म्हटलं. मावशी आतून ओरडली, "नको रे बाबा, इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत!"