मधुमेह आणि आपले कर्तव्य

आज १४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस. १९२१ साली टोरांटोत लागलेल्या त्या शोधाने असंख्य बालकांना मृत्यूच्या दारातून परत आणले. परंतु औषध सापडले म्हणजे रोग हटला, असे होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोक मधुमेही आहेत. सुमारे साडेतेरा कोटी लोक ह्या रोगाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते मुख्यतः ह्या उंबरठ्यावरच्यांविषयी.

मधुमेह हा गादीवर लोळणाऱ्या धनिकांचा रोग, हा समज आता टाकून द्यावयास हवा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी जवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील अर्भकांच्या मानाने आपली अर्भके वजनाने बरीच कमी. पण अंगावरील चरबी त्या प्रमाणात कमी नाही, असे त्यांना आढळले. तेव्हा ‘मी तर सडपातळ, मला कसली भीती?’ असे म्हणणाऱ्याने निर्धास्त राहू नये. आणि गर्भवतीच्या ताटाकडे घराने अधिक लक्ष द्यावे.

उपाय नाही असे मात्र नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन ह्यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहारातील संयम आणि नित्य चालणे एवढ्यानेच मधुमेहाचा धोका पावपटीहून अधिक घटला. औषधाने साधले तेही जवळपास तेवढेच. ज्यांना रोग जडला आहे त्यांनी औषध सोडावे, असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. तो निर्णय डॉक्टरांचाच.

आता आपल्या घराकडे पाहू. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दिवसाला आठ चमचे साखर. सहा चमच्यांच्या आत राहिल्यास उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सुचविले आहे. उपवास म्हणावा, तर ताटात साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा! भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हे आपले जुने जेवण मैद्याच्या पदार्थांपेक्षा निश्चित बरे. मात्र भाकरीही मोजूनच खावी.

परंतु सारा दोष नागरिकाच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. रोज अर्धा तास चाला, असा उपदेश करणे सोपे आहे. पण चालावे कोठे? पदपथ दुकानांनी आणि वाहनांनी व्यापलेले, मैदाने मांडवांनी अडविलेली. शाळांची स्थिती निराळी नाही. आम्हीही काही वर्षे शिक्षकाचा पेशा केला आहे. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास आपल्या विषयासाठी मागून घेणाऱ्यांत आम्हीही होतो, हे प्रांजळपणे कबूल करतो. मुलांचे त्यात हितच आहे, असे तेव्हा वाटत होते. आज तसे वाटत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. महापालिकेने पदपथ मोकळे करावेत, मैदाने खेळासाठी राखावीत. शाळांनी खेळाचा तास कोणालाही उसना देऊ नये. कचेऱ्यांतून बिनसाखरेचा चहा न मागता मिळावा. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तातील साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ती सोय आहे. हा रोग प्रारंभी दुखत नाही, खुपत नाही. डोळे, मूत्रपिंडे, पाय ह्यांवर घाला पडल्यावर जागे होण्यात शहाणपण नाही. आणि मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला तर ते जागे होणे परवडणारेही नाही.