परराष्ट्र धोरण आपला विषय नाही, असे कोणी सांगितले?

‘ट्रम्प काय बोलला, पुतिन कुणाला भेटला, चीनने कुठे रस्ता बांधला, याच्याशी आपल्या वस्तीचे काय देणेघेणे?’ वळसंगात असो की सोलापूर शहरात, अभ्यासवर्गात जगाचा विषय काढला की हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकावा लागतो. विचारणारा खोडसाळ नसतो. त्याच्या घरकुलाचा हप्ता अडकलेला असतो, बहिणीची शिष्यवृत्ती आलेली नसते. त्याला वाटते, परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतल्या साहेबलोकांचा उद्योग. आपण आपले अ‍ॅट्रॉसिटी, आरक्षण आणि जयंती बघावी.

ही समजूत बाबासाहेबांची नाही. ती आपल्या गळी उतरवलेली समजूत आहे. तुम्ही फक्त पीडित आहात, तुम्ही फक्त तुमच्या पीडेवर बोला. देश कसा चालवायचा, कुणाशी मैत्री करायची, कुठे सैन्य पाठवायचे हे आम्ही ठरवू. ही कामाची वाटणी कुठल्या ग्रंथातून आली, हे आंबेडकरी तरुणाला वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा का दिला, असे कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. उत्तर एकच येते : हिंदू कोड बिल. ते खरे आहे, पण पुरे नाही. राजीनाम्याचे पत्र २७ सप्टेंबर १९५१ चे. १० ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायचे होते. त्याची प्रत आधी द्या असा आग्रह झाला, तेव्हा बाबासाहेब बाहेर पडले आणि त्यांनी निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. त्या निवेदनात अनुसूचित जातींची उपेक्षा आहे, मागासवर्ग आयोग न नेमल्याची तक्रार आहे, हिंदू कोड बिल आहे आणि त्याच रांगेत परराष्ट्र धोरण आहे. नुसते नाराज असल्याचे नव्हे, तर काळजी आणि चिंता वाटावी इतके चुकीचे, असा त्यांचा सूर आहे.

त्यांनी मांडलेला हिशेब बघा. देशाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३५० कोटी रुपये आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. म्हणजे अर्ध्याहून जास्त. एवढा खर्च का? कारण स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपले कुणाशी वैर नव्हते आणि चार वर्षांत आपण मित्र गमावून बसलो, असे बाबासाहेब म्हणतात. काश्मीरसाठी एवढे सैन्य पोसायचे, त्यापेक्षा तिथल्या लोकांच्या धर्माप्रमाणे काश्मीरची विभागणी करा, असा त्यांचा सल्ला होता. त्या सल्ल्याशी आज कुणाचे मतभेद असू शकतात. पण विचार करण्याची रीत लक्षात घ्या. परराष्ट्र धोरण बरोबर की चूक, हे त्यांनी भाषणांना मिळणाऱ्या टाळ्यांवरून ठरवले नाही. त्याचा खर्च किती, आणि कुणाच्या ताटातला घास काढून तो भागवला जातो, यावरून ठरवले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी आहेत. एकूण खर्चाच्या तुलनेत हे प्रमाण १९५१ पेक्षा खूपच कमी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ‘या पैशात काय होऊ शकले असते’ असे विचारताच देशद्रोहाचा शिक्का बसतो. घटनेच्या शिल्पकाराने हाच प्रश्न मंत्रिपद सोडताना विचारला होता.

तीन वर्षांनी, २६ ऑगस्ट १९५४ ला, ते राज्यसभेत पुन्हा याच विषयावर बोलले. त्या वर्षी एप्रिलमध्ये चीनशी तिबेटविषयी करार झाला होता आणि पंचशीलाचा गजर चालू होता. बाबासाहेबांचे म्हणणे सरळ होते. पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे. माओची त्यावर श्रद्धा असती तर त्याने आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपण चीनची सीमा आपल्या दारापर्यंत आणली, हेही त्यांनी तिथेच बजावले. १९६२ मध्ये काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. गलवानमध्ये जून २०२० ला वीस जवान शहीद झाले, ती सीमाही तीच. बाबासाहेबांना ‘फक्त दलितांचा नेता’ म्हणणाऱ्यांनी हे भाषण एकदा तरी वाचावे. आणि हो, ‘बाबासाहेब, बाबासाहेब’ करणाऱ्यांनीही.

याच भाषणात त्यांचा कल लोकशाही राष्ट्रांकडे, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकेच्या गटाकडे होता. मग आज आपणही अमेरिकेची आरती करायची का? आमचे मत : नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडणारी अमेरिका आणि सप्टेंबरमध्ये एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारी अमेरिका डोळ्यांसमोर आहे. बाबासाहेबांचा १९५४ चा निष्कर्ष जसाच्या तसा उचलायचा नाही. त्यांची कसोटी उचलायची : या धोरणाची किंमत कोण मोजतो?

किंमत कोण मोजतो याचे एक उदाहरण फाळणीनंतरचे आहे. पाकिस्तानात, विशेषतः सिंधमध्ये, अनुसूचित जातींच्या लोकांना भारतात येऊ दिले जात नव्हते. कारण? ते गेले तर सफाई कोण करणार? त्यांचे काम ‘अत्यावश्यक सेवा’ ठरवून त्यांना अडवून धरले गेले. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून हा प्रश्न पाकिस्तान सरकारकडे नेण्याची मागणी केली. दोन सार्वभौम राष्ट्रांच्या वाटाघाटीत आपला माणूस मैला उचलणारा म्हणून मोजला जात होता, आणि ते ओळखायला दिल्लीच्या मंत्रिमंडळात एक आंबेडकर असावा लागला. परराष्ट्र खात्यात जात नसते, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

दुसरे उदाहरण श्रीलंकेचे. १९८७ मध्ये भारताने तिथे शांतिसेना पाठवली. १९९० मध्ये ती परत आली, तेव्हा सुमारे बाराशे जवान मरण पावले होते. २५ नोव्हेंबर १९८७ ला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. रेजिमेंट आज सर्व जातींची आहे, मेजर परमेश्वरन स्वतः महार नव्हते, आणि त्यांच्या शौर्याला जातीची पट्टी लावायची आमची इच्छा नाही. पण ज्या रेजिमेंटचे नाव आपण कोरेगावच्या स्तंभापाशी अभिमानाने घेतो, ती कुठे आणि का पाठवली जाते, यावर आपण एक ठरावही करत नाही. शौर्य आपले आणि निर्णय त्यांचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

आता मूळ मुद्दा. भारताच्या परराष्ट्र धोरणात एक गोष्ट सरकार बदलले तरी बदललेली नाही, ती म्हणजे जात हा ‘अंतर्गत प्रश्न’.

१९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरील वंशभेदाचा प्रश्न तिथे मांडला. दक्षिण आफ्रिकेने काय उत्तर दिले? हा आमचा अंतर्गत मामला आहे. भारताने ते मानले नाही आणि ते योग्यच होते. त्याच १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले होते. अस्पृश्यांनीही तसाच अर्ज करावा असे त्यांच्या मनात होते, म्हणून त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांनी जुलैअखेर आपुलकीने उत्तर पाठवले.

पुढे १९६५ मध्ये वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्या कलमात ‘जन्मवंश’ या अर्थाचा शब्द आहे, आणि तो घातला गेला भारताच्याच सूचनेवरून. पण २००१ मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत दलित प्रतिनिधी जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा वाजपेयी सरकारने जात म्हणजे वंश नव्हे म्हणत विरोध केला. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने स्पष्ट केले की जन्मावर आधारित भेदात जातिभेदही येतो. तरी २००७ च्या फेब्रुवारीत मनमोहन सिंग सरकारने जिनिव्हात तेच तुणतुणे वाजवले. गंमत अशी की जेमतेम दोन महिने आधी, डिसेंबर २००६ मध्ये, दिल्लीतल्या परिषदेत खुद्द पंतप्रधानांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाशी केली होती. म्हणजे घरात कबुली आणि जिनिव्हात इन्कार! दक्षिण आफ्रिकेचे १९४६ चे उत्तर भारताने उचलून स्वतःच्या तोंडी घातले.

आणि परदेशात बुद्ध मात्र चालतो. पंतप्रधान लुंबिनीत पायाभरणी करतात, पिप्रहवाची रत्ने लिलावातून सोडवून आणली की स्वागत होते. आम्हालाही त्याचा आनंदच आहे. पण बोधगयेच्या महाबोधी महाविहाराचा कारभार १९४९ च्या कायद्याने चालतो. त्या समितीत बौद्ध चार आणि हिंदू चार. फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू तिथे आंदोलनाला बसले. जगाला बुद्ध द्यायचा आणि बौद्धांना विहार द्यायचे नाही!

सरकार ऐकत नसेल तर कुणाकडे जायचे? इथे परदेशातल्या आपल्या माणसांचा विषय येतो.

ग्रीससारख्या लहान देशाचे उदाहरण घ्या. जुलै १९७४ मध्ये तुर्कस्तानचे सैन्य सायप्रसमध्ये उतरले. अमेरिकेच्या सरकारला तुर्कस्तानला दुखवायचे नव्हते. पण अमेरिकेतले ग्रीक, म्हणजे हॉटेलवाले, दुकानदार, वकील, आपापल्या खासदारांच्या मागे लागले आणि काँग्रेसने सरकारचा विरोध असतानाही १९७५ मध्ये तुर्कस्तानला शस्त्रे देण्यावर बंदी घातली. ती १९७८ मध्ये उठली आणि सायप्रस आजही दुभंगलेला आहे, तेव्हा याला चमत्कार म्हणायचे कारण नाही. पण संघटित स्थलांतरित समाज महासत्तेचा हात तीन वर्षे धरून ठेवू शकतो, हे तिथे दिसले. आपल्या सोलापूरलाही एकट्या माणसाचे बळ ठाऊक आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. दोन देशांत युद्ध झाले तरी चीनमध्ये त्यांची आठवण पुसली गेली नाही.

अमेरिकेतल्या भारतीयांत आपली माणसे मूठभर. तरीही त्यांनी जात हा प्रश्न तिथल्या कायद्यापर्यंत नेला. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. मग कॅलिफोर्नियात आयेशा वहाब यांनी विधेयक आणले. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले आणि ७ ऑक्टोबरला राज्यपाल न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. विरोधात कोण होते? तिथल्या हिंदू संघटना. असा कायदा हिंदूंना वेगळे काढून बदनाम करतो, हा त्यांचा युक्तिवाद. जिथे जात नाहीच म्हणता, तिथे तिच्यावरच्या बंदीची भीती कसली? ब्रिटनमध्येही तेच झाले : २०१३ मध्ये संसदेने समता कायद्यात जात घालण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, २०१८ मध्ये सरकारने अंग काढून घेतले.

न्यूसम यांच्या नकारानंतर सातच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मेरीलँडमध्ये बाबासाहेबांच्या एकोणीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. आपल्याकडे पुतळ्याचे फोटो घरोघर पोहोचले. नकाराची बातमी किती जणांपर्यंत पोहोचली? पुतळा तिथल्या आपल्या माणसांनी उभा केला, त्याचा अभिमान आहेच. लंडनचे घर वाचवण्यासाठीही तिथल्या आंबेडकरी-बौद्ध संघटनांनीच आधी धावपळ केली. पण त्यांना आपल्याकडून हवे आहे ते साहित्य : गावोगावच्या नोंदी, गुन्ह्यांची कागदपत्रे, अभ्यास. ते कोण करणार?

समाजशास्त्र शिकलेल्या मुलामुलींनी. आणि नेमकी तिथेच मेख मारली आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत वर्षाला १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींच्या. २०२२ मध्ये नियम बदलला : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंड देताना असली अट घातली नाही, म्हणून मे १९१६ मध्ये कोलंबियात भारतातील जातींवरचा तो निबंध वाचला गेला. आज वळसंगच्या एखाद्या मुलीने जातीवर संशोधनासाठी अर्ज केला तर तो विषय पाहूनच बाद होईल. ‘अंतर्गत प्रश्न’ अंतर्गतच ठेवायची ही व्यवस्था आहे.

गोलमेज परिषदेत ब्रिटिशांसमोर अस्पृश्यांचा प्रश्न मांडणारे बाबासाहेब आणि १९३७ मध्ये वळसंगला विहिरीवर आलेले बाबासाहेब एकच होते. त्यांच्याकडे गावचे पाणी एका खात्यात आणि जगाचे राजकारण दुसऱ्या खात्यात, असे नव्हते.

सोलापूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आपण खासदारांना रस्ता विचारतो, पाणी विचारतो, विमानसेवा विचारतो. यापुढे दोन प्रश्न आणखी विचारू. परदेशी शिष्यवृत्तीतली २०२२ ची अट कधी काढणार? आणि वंशभेद निर्मूलन समितीसमोर भारत सरकार जातीविषयी कोणती भूमिका घेणार, ती आधी संसदेत मांडणार का? लोकसभेत प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते. मसुदा आम्ही लिहून देतो. सह्या गोळा करायला प्रत्येक गावातून दोन जण पुढे या.

जय भीम!