पुढील गाडी चुकली तर जबाबदार कोण?

ज्या खंडांत शेन्गेन करारानें सरहद्दीवरील पारपत्राची तपासणी बहुतांशीं उठली, ज्यांतील अनेक राष्ट्रांनीं एकच नाणें पत्करलें, त्या युरोपांत ॲम्स्टरडॅमहून बार्सेलोनापर्यंतच्या आगगाडीच्या प्रवासाची हमी देणारें एक तिकीट मिळविणें मात्र दुर्घट होऊन बसावें, हा प्रकार आम्हांस विलक्षण वाटतो. दर उन्हाळ्यांत पुण्यामुंबईकडील जीं कुटुंबें तिकडे स्वतंत्रपणें हिंडावयास जातात, त्यांस हा अनुभव तिकीट काढतांनाच येतो.

ॲम्स्टरडॅमहून निघालेली गाडी प्रवाशास पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकावर उतरविते. बार्सेलोनाची गाडी तेथून सुटत नाहीं. ती सुटते गार द लियों ह्या दुसऱ्या स्थानकावरून. मध्यें उपनगरी गाडीचे दोनच टप्पे आहेत खरे, परंतु सामान, मुलें व वृद्ध आईबाप बरोबर असतां त्या दोन टप्प्यांस एक तासही अपुरा पडतो. आतां पहिली गाडी चाळीस मिनिटें उशिरां आली व दुसरी निघून गेली, तर नुकसान कोणाचें? तिकिटें दोन, म्हणून करारही दोन. दुसरी कंपनी म्हणते, आमची गाडी वेळेवर सुटली. पहिली म्हणते, आम्हीं आपणांस पॅरिसला आणून पोचविलें, आणि उशीर तर तासाच्या आंतलाच आहे. कांहीं कंपन्या आपसांतील समजुतीनें अशा प्रवाशास पुढच्या गाडींत बसूं देतात. पण ती मेहेरबानी झाली, हक्क नव्हे.

कायदा अगदींच नाहीं असें नाहीं. युरोपीय संघाचे नवे नियम ७ जून २०२३ पासून लागू झाले. त्यांप्रमाणें मुक्कामीं पोचण्यास एक तास उशीर झाल्यास भाड्याच्या शेंकडा २५ व दोन तास झाल्यास शेंकडा ५० भरपाई मागतां येते. सलग तिकीट असेल तर हा उशीर शेवटच्या मुक्कामावर मोजतात. परंतु सलग तिकीट देण्याची सक्ती एकाच कंपनीच्या गाड्यांपुरती आहे! निरनिराळ्या कंपन्यांचीं तिकिटें दलालानें आपल्या मतानें जुळवून एकदम विकलीं आणि प्रवाशाची गाडी चुकली, तर त्यानें सर्व भाडें परत करून वर शेंकडा ७५ भरपाई द्यावी, असेंही एक कलम आहे. तें वाचून क्षणभर बरें वाटतें. पण तिकिटें म्हणजे निरनिराळे करार आहेत असें विक्रीपूर्वीं कळविलें कीं दलाल मोकळा! एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेणें, तें हेंच.

दुसऱ्याच्या उशिराचा दंड आम्हीं कां भरावा, असें कंपन्या विचारतील. हा प्रश्न सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. २०२४ सालीं जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकीं शेंकडा ६२.५ वेळेवर धांवल्या, आणि तेंही सहा मिनिटांच्या आंतील उशीर वेळेवर धरून. परंतु ज्या शेजाऱ्याचा भरवसा कंपनीस वाटत नाहीं, त्याचा भरवसा परक्या प्रवाशानें धरावा, हा कोठला न्याय? हिशेब त्यांनीं आपसांत मिटवावा. मुंबईहून मडगांवास निघालेला मनुष्य रोह्यापाशीं मध्य रेल्वेच्या रुळांवरून कोंकण रेल्वे ह्या निराळ्या संस्थेच्या रुळांवर जातो. त्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं.

आणि हें युरोपांत साधत नाहीं असें तरी कोणीं म्हणावें? स्वित्झर्लंडनें मे १९८२ मध्यें ठराविक अंतरानें गाड्या सोडण्याचें वेळापत्रक देशभर सुरू केलें, व १९८७ सालीं सार्वमत घेऊन 'बान २०००' ही योजना मंजूर केली. तींत गाड्यांची गांठ कोठें पडावी हें आधीं ठरलें आणि वेग त्यास पुरेल तेवढाच योजला. बर्न ते झ्यूरिच हा प्रवास तासाच्या आंत बसावा म्हणून नवा रूळ घातला, तो २००४ सालीं खुला झाला. मोठ्या स्थानकांत गाड्या तासाच्या किंचित् आधीं येतात, किंचित् नंतर सुटतात; आगगाडी, बोट व बस यांस एकच तिकीट चालतें.

जुलै २०२४ मध्यें युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांनीं, एकाच ठिकाणीं एकच तिकीट मिळावें व प्रवासभर हक्क कायम राहावे, असा नियम मांडण्याचें वचन दिलें. त्या नियमांत कंपन्या कितीही असोत, शेवटच्या मुक्कामाची जबाबदारी तिकीट विकणाऱ्यांवर स्पष्ट शब्दांत असावी आणि वर सांगितलेली पळवाट बुजवावी. एवढें नसेल तर तें वचन कागदावरच राहील.

तोंवर आमच्या वाचकांनीं तिकीट काढण्यापूर्वीं करार एक कीं अनेक हें पाहावें. पॅरिसमध्यें दोन तासांहून कमी अवधि ठेवूं नये, व पुढील गाडी दिवसांतली शेवटची नसावी. आणखी एक गोष्ट: आपल्याकडील आरक्षणाच्या संवयीनें तिकीट म्हणजे जागा असें समजूं नये. जर्मनींत जागेचे पैसे बहुधा निराळे पडतात. आणि १९५९ पासून चालत आलेला युरेल पास हातांत असला तरी फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत जागा आधीं राखून ठेवावीच लागते.