माझी फाईल माझ्यापासूनच गोपनीय?

बालगृहात वाढलेल्या माझ्या भावंडांनो,

‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने पुरविता येत नाही.’ माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला हे उत्तर आलं. वैयक्तिक कोणाची? माझी. मागतोय कोण? मीच! असा कागद तुमच्यापैकी कितीजणांच्या पेटीत पडलाय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सहाव्या वर्षी मी बालगृहात गेलो, अठरा भरल्यावर बाहेर पडलो. त्या बारा वर्षांत परिविक्षा अधिकाऱ्याने माझ्या घराचा सामाजिक तपासणी अहवाल लिहिला, बालकल्याण समितीने आदेश लिहिले, अधीक्षकांनी माझ्या वागण्यावर शेरे मारले. बदलून येणारा प्रत्येक नवा माणूस ते सगळं वाचत गेला. वाचलं नाही ते फक्त मी.

मागच्या महिन्यात कार्यालयात गेलो तेव्हा फाईल टेबलावरच होती. खाकी पुठ्ठा, मळकी नाडी. लिपिकाने बोट ओलं करून पानं उलटली. एका पानाच्या तळाशी निळा अंगठा उमटलेला मला उलट्या बाजूने दिसला. आईचा असणार. मी जरा वाकलो, तसा त्याने त्यावर तळहात ठेवला. “गोपनीय आहे.” माझ्या आईचा अंगठा त्याने पाहायचा, मी नाही!

ही गोपनीयता कोणासाठी आहे, ते नीट समजून घेऊ. बाल न्याय कायदा, २०१५ मधलं कलम ७४ मुलाची ओळख वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर उघड करायला बंदी घालतं. ती ढाल मुलाच्या हातात दिली होती. मूल मोठं झाल्यावर तीच त्याच्या तोंडावर आपटली जाते. दुसरा आधार दाखवतात माहिती अधिकार कायद्यातल्या कलम ८(१)(ञ)चा. माणसाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होऊ नये, म्हणून ते कलम होतं. मी माझ्याच आयुष्यात घुसखोरी करतो काय? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्या कलमातले घुसखोरीचे शब्दच काढून टाकले आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं. नकार लिहिणाऱ्यांना आता वाक्यही जुळवावं लागत नाही.

“फाईलमध्ये इतरांची नावं आहेत.” मग ती झाका. माहिती अधिकार कायद्यातलं कलम १० त्याचसाठी आहे: देता येत नाही तेवढा भाग वगळा, उरलेला द्या. एका नावापायी बारा वर्षं दडपता येत नाहीत.

सगळ्यात संताप येतो तो या वाक्याचा: “वाचून तुम्हालाच त्रास होईल.” अहो, जे सोसलं ते मी. ते वाचायला मी नाजूक कसा? शाळेत माझी जन्मतारीख १ जून लागली. माझ्या वर्गात निम्म्या मुलांची तीच होती. माझं खरं वय, गाव, आई मला तिथं का सोडून गेली, हे त्या पुठ्ठ्यात आहे. न कळण्याचा त्रास मी रोज भोगतो, त्याची चौकशी कोणी केली नाही. आणि हा नुसता मनाचा प्रश्न नाही. २०१८ साली अनाथांना १ टक्का आरक्षण मिळालं, पण अनाथ प्रमाणपत्र मागायला गेलं की बालगृहातले कागद आणा म्हणतात. कागद कुठे? त्याच फायलीत.

इंग्लंडात लिव्हरपूलच्या ग्रॅहम गॅस्किनचं बालपण असंच सरकारी देखरेखीत गेलं. त्यालाही फाईल पूर्ण मिळेना. तो स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि ७ जुलै १९८९ला जिंकला. फायलीसाठी माहिती पुरवणारा माणूस ती दाखवायला संमती देत नसेल, तर अखेरचा निर्णय कोणा स्वतंत्र यंत्रणेने केला पाहिजे, असं न्यायालयाने ठरवलं. आपल्याकडे तो निर्णय टेबलावरचा तळहात करतो.

आपल्या राज्यात माहितीचा अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. बारा वर्षं त्यांनी माझ्यावर हवं तेवढं लिहिलं आणि मला शब्द दीडशे! तरी लिहू. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. नकार आला, किंवा काहीच आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, ते सोडू नका. ‘गहाळ’ म्हणाले तर तेही लेखी मागा, सही-शिक्क्यासह. ज्याला लिहिता येत नसेल त्याने हे पत्रक वाटणाऱ्याला थांबवावं. कोरे अर्ज आमच्या पिशवीत आहेत, इथेच बसून भरू.

– बालगृहात वाढलेला तुमचा एक भाऊ