भांडार सर्वांचे, राखण कोणाची?

'छापलेले आहे, म्हणजे खरेच असणार!' माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे छापील अक्षराचा हा दरारा मला चांगला ठाऊक आहे. आज अक्षर संगणकाच्या पडद्यावर आले, तरी दरारा तोच आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण माहितीचा खरेखोटेपणा हा सर्वच शाखांचा प्रश्न आहे. अमेरिकेत २००४ साली 'पबकेम' हे रसायनांचे खुले भांडार सुरू झाले. आज त्यात १० कोटींहून अधिक संयुगे नोंदलेली आहेत. २००७ साली अँटनी विल्यम्स व सहकाऱ्यांनी 'केमस्पायडर' उभारले. २००९ साली ते ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीकडे गेले. ज्याला महागडे ग्रंथ परवडत नाहीत, त्या विद्यार्थ्याला ही भांडारे म्हणजे वरदानच.

परंतु भर घालणारे हात अनेक, तशा चुकाही अनेक. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांत अणू तेच, त्यांची संख्या तीच, जोडणीचा क्रमही तोच. फरक एका अणुगटाच्या दिशेचा. आकृतीत दिशा दाखवायची राहिली की दोन्ही साखरा एकच दिसतात. आणि गॅलॅक्टोसीमिया हा जन्मजात विकार असलेल्या बालकाला गॅलॅक्टोज घातक ठरते! चुकीची नोंद एका भांडारातून दुसऱ्यात उतरते. चार ठिकाणी तेच दिसले की वाचक निःशंक होतो. वास्तविक ती एकाच साक्षीची चार नक्कलपत्रे असतात. २०११ साली विल्यम्स व शॉन एकिन्स यांनी अशा दोषांबद्दल जाहीर इशारा दिला होता.

मग लोकांना दार बंद करावे काय? मुळीच नाही. केमस्पायडरने वाचकांनाच चुका दाखविण्याची मुभा दिली आणि सूचना तपासून नोंदी सुधारल्या. हीच रीत योग्य. लोकांनी उतरून घेतलेल्या प्रतींमुळे ज्ञानेश्वरी टिकली, आणि उतरून घेतानाच तिच्यात अशुद्धे शिरली. ती काढायला एकनाथांसारखा जाणता हात लागला.

दुर्दैव असे की, नवा शोधनिबंध लिहिणाऱ्याला मान मिळतो, चूक दुरुस्त करणाऱ्याचे नावही कोणी घेत नाही. विद्यापीठांनी हे कामही विद्वत्तेचे मानले पाहिजे. आणि मित्रहो, आपणही केवळ उतरून घेणारे राहू नये. गावच्या विहिरीचे पाणी जो भरतो, त्याने गाळ उपसायलाही उतरले पाहिजे.